लांबच्या वळणावरचा झेंडा

१

वेंडेल कोलारिकच्या गाडीत हेल्मेटलासुद्धा पट्टा लावावा लागे. मागच्या सीटवर काहीही ठेवलं, अगदी पावाची पिशवी जरी ठेवली, तरी गाडीला वाटायचं की कुणीतरी माणूस बसलाय. मग पट्टा लागेपर्यंत ती मंजुळ आवाजात घंटा वाजवत राहायची. आवाज मंजुळ असल्यामुळेच त्याचा जास्त राग येई.

"ती वायर काढून टाका ना, डॅड," लिबी एकदा म्हणाली होती.

"वायर काढली की गाडी स्टॉक राहत नाही," वेंडेल म्हणाला होता. "कंपनीतून निघाली तश्शीच पळवायची. एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. मग हरलो तरी अब्रूनं हरतो."

आणि तो हरायचाच. गाडी गडद हिरवी, चार दारांची, आत सायीच्या रंगाचं कातडं आणि अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. इंजिन एवढं मोठं की सरळ रस्त्यावर पाठ सीटला चिकटे. पण ऑटोक्रॉसला, म्हणजे कोनांमधून वळणं घेत पळायच्या शर्यतीला, सरळ रस्ता असतोच किती? उन्हाळ्यात दोनदा तो ती खऱ्या ट्रॅकवर घेऊन गेला, तेव्हा तिच्या वजनानं ब्रेकमधून धूर निघाला होता. नेब्रास्कातले बाकीचे लोक हलक्या, छोट्या गाड्या आणत. हिरवी गाडी मैदानात शिरली की त्यांच्यातला क्लेटन हमखास ओरडे, "आला बघा सोफा! वेंडेल, पाय ठेवायचं स्टूल विसरलास का?"

लिबीला मात्र ती गाडी फार आवडायची. तिची दारं आपटावी लागत नसत. नुसतं टेकवलं की उरलेलं बोटभर अंतर दार स्वतःच आत ओढून घेई. 'सुंऽऽक' असा हलका आवाज, आणि बाहेरचं जग एकदम गप्प. वर्गात जिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे, त्या मुलीला अशी शांत खोली आवडणं साहजिकच होतं.

येत्या एप्रिलपासून ती गाडी तिलाही पळवायला मिळणार होती. वडील आणि मुलगी, एकच गाडी, आळीपाळीनं. वेंडेलनं एकच अट घातली होती.

"या मोसमात झेंडा नीट सांभाळ. ज्याच्या हाती झेंडा देता येतो, त्याच्याच हाती गाडी देता येते."

आज मोसमातला शेवटचा रविवार होता. सकाळी विमानतळाकडे निघताना लिबीनं मागच्या सीटवरच्या हेल्मेटला पट्टा लावला आणि ती पुढे वडिलांशेजारी बसली.

२

विमानतळ नावालाच उरला होता. युद्धाच्या काळातली सिमेंटची धावपट्टी, तिच्या भेगांतून वर आलेलं गवत, विमानं ठेवायचं एक पत्र्याचं हँगर आणि चहूकडे कापून झालेल्या मक्याचे खुंट. धावपट्टीवर केशरी कोन मांडून वळणावळणाची वाट आखलेली असे. तिच्यावरून एका वेळी एकच गाडी धावायची, तिची शर्यत फक्त घड्याळाशी.

वाटेच्या कडेला ठरावीक ठिकाणी केशरी जाकिटं घातलेली माणसं उभी असत. कोन पडला की धावत जाऊन उभा करायचा, हे त्यांचं काम. आणि वाटेत काही आडवं आलं, तर लाल झेंडा वर करायचा. झेंडा दिसला की ड्रायव्हरनं विचार करत बसायचं नाही, जागच्या जागी थांबायचं. खरा झेंडा असला तर ती फेरी पुन्हा मिळे. झेंडा नसताना थांबलात, तर फेरी बाद. आणि झेंडेवाल्यानं काय वाट्टेल ते होवो, हातातला झेंडा खाली ठेवायचा नाही. नव्या माणसाला पहिली शिकवण हीच मिळे.

लिबीची जागा मधल्या वळणावर होती. जोडीला मिसेस झिमर, सत्तरी गाठलेल्या, कंबरेला वॉकीटॉकी आणि खिशात रुमालात बांधलेले कोलाचे, मध्ये गोड सारण भरलेले छोटे पाव. "मनुकांचा घे," त्या म्हणाल्या. "खसखशीचा खाल्लास तर दिवसभर दात काळे. वय आहे तुझं, कुणी हसलं तर वाईट वाटायचं."

लिबी खुदकन हसली. झेंडा तिच्या उजव्या हातात होता.

वेंडेलची पहिली फेरी सुरू झाली. हिरवी गाडी तिच्या समोरून गेली, झोकात, एकही कोन न पाडता. लिबीनं श्वास सोडला. पुढे लांबचं वळण. धावपट्टीच्या त्या टोकाला कोनांची नुसती एक रांग होती. तिकडे माणूस कुणी नसे.

त्या वळणावर गाडीचं नाक खाली दबलं. टायर किंचाळले. भर वाटेत गाडी थांबली.

कर्ण्यावरून वेळ नोंदवणाऱ्या मर्लचा आवाज घुमला. "वेंडेल, काय झालं? मालिश करणारी सीट सुरू झाली का?" हँगरच्या बाजूनं हशा उठला. मग मिसेस झिमर यांच्या कंबरेवर खरखर झाली, "कुणी झेंडा दाखवला का? नाही? मग फेरी बाद."

परतीचा रस्ता लिबीच्या मागूनच जात होता. गाडी तिच्याजवळ आली आणि काच खाली गेली.

"काय होतं वाटेत?" वेंडेलनं विचारलं.

"कुठं, डॅड?"

"झेंडा कशाला दाखवलास?"

"मी नाही दाखवला."

त्यानं तिच्या हातातल्या झेंड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. काच वर गेली.

३

दुसऱ्या फेरीच्या वेळी लिबीनं झेंडा दोन्ही हातांनी पाठीमागे धरला. बोटं दुखेपर्यंत घट्ट. मिसेस झिमर शेजारीच उभ्या होत्या.

गाडी आली, गेली, आणि लांबच्या वळणावर पुन्हा थांबली.

या वेळी कुणी हसलं नाही. मर्ल नुसता म्हणाला, "फेरी बाद," आणि कर्णा बंद झाला.

परतताना वेंडेलनं काच पुरती खालीही केली नाही. फटीतूनच बोलला. "पुन्हा?"

"मिस्टर कोलारिक, मी इथंच आहे," मिसेस झिमर पुढे झाल्या. "पोरीनं हातसुद्धा हलवला नाही."

"तुमचं लक्ष कोनांकडे असतं."

"माझं लक्ष सगळीकडे असतं. चाळीस वर्षं पोरं शिकवलीत मी."

वेंडेल निघून गेला. मिसेस झिमर बराच वेळ त्या गाडीकडे पाहत राहिल्या.

"त्यांनी डोळे तपासून घ्यायला हवेत," त्या म्हणाल्या. "या वयात ऊन सिमेंटवर पडलं की काहीही दिसतं. माझ्या नवऱ्याला अंगणात हरणं दिसायची."

लिबीनं मान हलवली. ऊन, सिमेंट, केशरी कोन. डोळ्यांवर ताण. खुलासा चांगला होता. पण आकाश सकाळपासून ढगाळ होतं.

४

जेवायला सगळे हँगरमध्ये जमले. वर पत्र्यावर कबुतरं चालत होती, आणि त्यांच्या नख्यांचा आवाज खाली बोलणाऱ्यांच्या आवाजात मिसळत होता. लिबीनं आपलं जाकीट भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं आणि कढईतली मक्याची आमटी वाढून घेतली. वेंडेल तिच्यासमोर येऊन बसला. त्यानं चमचा उचलला नाही.

"तुला गाडी चालवायची नाहीये का? तसं सांग. मी रागावणार नाही."

"चालवायचीये, डॅड."

"मग हा पोरकटपणा कशासाठी? लोक हसताहेत माझ्यावर."

"मी काहीच केलं नाही." ती हळू बोलली. तिला मोठ्यानं बोलायचं होतं, पण शेजारच्या टेबलावर क्लेटन होता.

"लांबच्या वळणावर उभी होतीस. कोनांच्या रांगेत. दोन्ही हातांनी झेंडा धरून, असा." वेंडेलनं हात डोक्यावर नेले. क्लेटननं वळून पाहिलं. "सरळ माझ्याकडे बघत होतीस."

"माझी जागा तिथं नाहीये. तुम्ही मधल्या वळणावर माझ्या समोरूनच तर जाता! तेव्हा दिसत नाही का मी?"

"दिसतेस ना."

"मग? तुमच्याआधी धावत तिथं कशी पोचेन मी?"

वेंडेलनं नजर समोरच्या वाडग्याकडे वळवली. क्षणभर तिला वाटलं, पटलं. मग त्यानं नकारार्थी मान हलवली.

"ते मला माहीत नाही. पण माझी मुलगी मी ओळखतो. केस मोकळे सोडले होतेस."

लिबीनं आपली वेणी खांद्यावरून पुढे ओढली. ती सकाळी स्वयंपाकघरात त्याच्याच समोर घातली होती. ती वेणी तिनं त्याला दाखवली, एखाद्या लहान मुलाला दाखवावी तशी.

"मला हेही माहीत नाही," तो म्हणाला. "पुन्हा झेंडा दिसला, तर एप्रिलचं विसरायचं."

एवढं बोलून तो उठला. लिबीचे डोळे भरून आले. दुःखानं नाही, रागानं. खरं बोलणाऱ्या माणसाला शेवटी पुरावा तरी कशाचा द्यायचा असतो? मी तिथं नव्हते, हे दाखवायला ती तिथं नसण्यापलीकडे काय करू शकत होती?

तिनं खुंटीवरचं जाकीट काढून अंगात घातलं. ते आतून उबदार होतं, आताच कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं. काखेत ओलसर लागत होतं. भिंत उत्तरेकडची होती आणि पत्रा थंडगार. चुलीची धग लागली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. चूल हँगरच्या दुसऱ्या टोकाला होती.

५

तिसऱ्या फेरीला तिनं ठरवलं की गाडीकडे पाहायचंच नाही. फक्त लांबच्या वळणाकडे पाहायचं.

तिथं काहीच नव्हतं. कोनांची रांग, मागे पिवळं गवत, त्याच्यामागे मक्याचे खुंट. वारा सुटला होता. इंजिनाचा आवाज जवळ आला, तिच्या पाठीशी फुगला आणि पुढे सरकला. तिनं मान वळवली नाही. पापणीही लववली नाही.

रांगेतला एक कोन बाकीच्यांपेक्षा उंच होता.

सकाळपासून होता का तो तसा? दोन कोन एकावर एक ठेवले असतील. वाहतूक करताना चिकटतात कधीकधी. ती डोळे बारीक करून पाहत राहिली. गाडी मध्ये आली, ब्रेक किंचाळले, गाडी थांबली. थोड्या वेळानं गाडी हळूहळू पुढे गेली, तेव्हा रांगेतले सगळे कोन एकाच उंचीचे होते.

"मिसेस झिमर, तिकडचे कोन..."

पण मिसेस झिमर मागच्या वळणावर पडलेला कोन उचलायला गेल्या होत्या. लिबीचा आवाज वाऱ्यानं परत आणून तिलाच दिला.

परतीच्या रस्त्यावर गाडी आली. या वेळी काच पूर्ण खाली गेली. वेंडेलचा चेहरा लाल नव्हता, पांढरा होता.

"लिब, माझ्यावर राग आहे का तुझा? तुझ्या आईनं माझ्याविषयी काही सांगितलं का?"

ते ऐकून तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तो ओरडला असता तर तिनं सहन केलं असतं.

"घ्या!" ती म्हणाली. मागची काच अर्धी उघडी होती. तिनं हातातला झेंडा दांड्यासकट त्या फटीतून आत टाकला. तो मागच्या सीटवर, हेल्मेटच्या रिकाम्या जागी पडला. "तुमच्याजवळच ठेवा. आता दिसला, तर मग बोला मला!"

गाडीत मंजुळ घंटा वाजू लागली. वेंडेलनं हात मागे नेऊन झेंड्यावरून पट्टा ओढला आणि खटका लावला. घंटा थांबली. मग तो गाड्यांच्या रांगेकडे गेला.

इतकं मोठ्यानं ती आयुष्यात बोलली नव्हती. तिला हलकं वाटलं. मग रिकामा हात जाणवला, आणि पहिली शिकवण आठवली. पण गाडी लांब गेली होती.

"झेंडा कुठाय?" मिसेस झिमर परत येऊन म्हणाल्या.

"गाडीत."

"कुणाच्या?" त्या थबकल्या. "अगं पोरी, असं करतात का कधी? हे काय ताट-वाटी आहे, शेजारी ठेवायला द्यायला? थांब, मी पुढच्या जागेवरून दुसरा आणते. तोवर इथून हलू नकोस."

त्या लगबगीनं निघाल्या. वॉकीटॉकी त्यांच्याच कंबरेला होता.

६

शेवटची फेरी.

वेंडेल कधी नव्हे इतका छान चालवत होता. जड गाडी कोनांमधून अशी सरकत होती, जणू तिचं वजन कुणीतरी वरच्यावर धरलंय. ती लिबीच्या समोरून गेली. मागच्या काचेत लाल रंगाची एक रेघ दिसली. झेंडा तिथंच होता. झाला की पुरावा! ती वाट बघू लागली. आता गाडी थांबणार नाही. आता सगळं मिटेल.

मग तिनं लांबच्या वळणाकडे पाहिलं.

कोनांच्या रांगेत एक मुलगी उभी होती. अंगात केशरी जाकीट. वारा पूर्वेकडून होता, पण तिचे मोकळे केस उडत नव्हते, सरळ खाली लोंबत होते. तिचे हातही तसेच सरळ खाली होते. रिकामे. ती लिबीकडे पाहत नव्हती. गाडीकडे पाहत होती, बस थांब्यावर उभा असलेला माणूस आपली बस ओळखतो तशी.

लिबीचा उजवा हात आपसूक वर गेला. हातात काही नव्हतं.

"थांबवा!" ती ओरडली. "रेड! रेड!" पण तो ओरडा तिचा नेहमीचाच निघाला, तिसऱ्या बाकापर्यंतचा. ती धावू लागली. दोन्ही हात हलवत, कोन तुडवत, थेट वाटेवरून.

गाडी वळणावर पोचली. ब्रेक किंचाळले नाहीत. ती हळू झाली, अगदी अदबीनं, जणू कुणाच्या दारासमोर उभी करायची आहे. थांबली.

लिबी अजून बरीच दूर होती. गाडीच्या पलीकडे काय होतं, ते तिला दिसलं नाही. तिला एवढंच दिसलं, की गाडीचा मागचा भाग किंचित खाली गेला.

आणि वारा क्षणभर पडला, तेव्हा तिला ऐकू आलं.

सुंऽऽक.

७

"फेरी बाद," मर्ल कर्ण्यावरून म्हणाला. "आणि मधल्या वळणावरच्या मॅडम, वाट गाड्यांसाठी आहे, पायी फिरायला नाही."

हसू आलं नाही कुणाला. मिसेस झिमर लिबीला दंडाला धरून बाजूला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "जा, आधी झेंडा घेऊन ये. बाकी राहू दे."

वेंडेल गाडी सुरू ठेवून हँगरजवळ थांबला होता. लिबीनं मागचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. हे तिनं नीट पाहिलं, पुढच्या सीटच्या पाठीमागे वाकूनसुद्धा. झेंडा मात्र सीटवर नव्हता. पट्टा सुटलेला होता, आणि झेंडा व्यवस्थित गुंडाळून खाली पायांशी ठेवला होता. सायीच्या रंगाच्या कातड्यावर एक खळगा होता. झेंड्याच्या वजनाचा? तिनं बोट लावलं. कातडं उबदार होतं. डिक्कीत पडलेली हेल्मेटची पिशवी आणून तिला त्या खळग्यावर ठेवावीशी वाटली, पण तिनं दार टेकवलं. ते स्वतःच बंद झालं.

झेंडा देऊन ती परत आली आणि पुढे वडिलांशेजारी बसली. पट्टा लावला. क्लेटननं काचेवर टकटक केलं, "पुढच्या वर्षी, वेंडेल!" वेंडेल छान हसला. त्याचा राग कुठल्याकुठे गेला होता.

विमानतळाचं फाटक मागे पडलं. मोकळे, पिवळे, सपाट रस्ते. गाडीच्या आतली ती शांतता. लिबी ओठ चावत बसली होती. आता तो काय बोलेल, त्याला काय उत्तर द्यायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती.

"चुकलो मी," वेंडेल म्हणाला.

तिनं मान वर केली.

"विश्वास ठेवायला हवा होता. तू सांगत होतीस आणि मी ऐकतच नव्हतो. सगळ्यांसमोर बोललो तुला. माफ कर हं, लिब."

दिवसभराचा सगळा संताप एका क्षणात विरघळला. "असू दे, डॅड," ती म्हणाली.

"एप्रिलपासून गाडी तुझी. शब्द दिला." त्याचा आवाज मऊ झाला होता. "किती थंडीत उभी होतीस तिथं, एकटी. कुणी लक्षच दिलं नाही."

"एकटी नव्हते. मिसेस झिमर होत्या की."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत नव्हता, आणि तिच्याकडेही नाही. त्याची नजर वरच्या आरशात होती.

घंटा वाजू लागली. मंजुळ, एका लयीत.

लिबीनं छातीवरचा पट्टा चाचपला. तो लागलेला होता. हेल्मेट डिक्कीत होतं. झेंडा मिसेस झिमर यांच्याकडे. समोरच्या काचेखाली एक छोटं लाल चित्र पेटलं होतं. बसलेला माणूस. मागची सीट.

"डॅड," ती म्हणाली. "डॅड, मी इथं आहे." तिनं त्याच्या बाहीला हात लावला. त्यानं माशी झटकावी तसा दंड हलवला.

"लिब, पट्टा लाव, बाळा," तो आरशात बघून प्रेमानं म्हणाला. "घर अजून लांब आहे."

लिबीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं पुढच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर डोळे रोवले आणि घंटा मोजत राहिली.

मागून पट्टा ओढल्याचा आवाज आला. मग खटका.

घंटा थांबली.

"शहाणी माझी," वेंडेल म्हणाला.